एकाच मापाची चौकट

चेंडूला लाथ मारायचे पैसे कसले घेता, हा सुतारमामांचा वीस वर्षांचा जुना सवाल. सलूनच्या खुर्चीत बसून ते खेळाडूंच्या पगारावर सुरू झाले, की सलूनवाल्याचा वस्तरा हवेतच थांबायचा. "आम्ही ठोकतो तेव्हा घरं उभी राहतात. हे काय ठोकतात?" हे पालुपद सगळ्या गल्लीला पाठ होतं.

आणि आज हेच मामा फुटबॉल क्लबच्या ऑफिसात बसले होते. शेजारी लेक. घरात तिला चिमणी म्हणत, पण चिमणी आता बापापेक्षा वीतभर उंच झाली होती आणि गोलमध्ये उभी राहिली की वारासुद्धा परवानगी मागून आत जायचा. क्लब तिला करारावर घेत होता. अठरा पूर्ण व्हायला पाच महिने बाकी, म्हणून सही बापाची. तिला धास्ती होती ती बापाच्या तोंडाची.

ती खरी ठरली. मामांनी चष्मा चढवून पगाराचा आकडा वाचला आणि म्हणाले, "साहेब, हे फार होतात."

सेक्रेटरीसाहेबांच्या हातातलं पेन गळालं. पगार कमी करा म्हणणारा बाप त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. टेबलाखालून चिमणीने बापाच्या नडगीवर अशी लाथ हाणली, की लेकीच्या पायात किती जोर आहे ते मामांना पहिल्यांदाच कळलं.

"फार कुठे?" साहेब गडबडून म्हणाले. "मुलांच्या टीमचा गोलकीपर याच्या चौपट घेतो."

मामा उठून तडक जिना उतरले आणि मैदानात गेले. मागोमाग साहेब, त्यांच्यामागे कपाळाला हात लावून चिमणी. मामांनी खिशातली टेप काढली. ही टेप स्वतःच्या लग्नातही त्यांच्या खिशात होती. एक टोक चिमणीला धरायला लावून त्यांनी गोलपोस्ट आडवा मोजला, उभा मोजला, कानावरची पेन्सिल काढून तळहातावर माप लिहिलं.

"आता मुलांचा दाखवा."

"अहो, हाच! तेही इथेच खेळतात."

"साहेब, मी चौकटीचे पैसे मापावर घेतो. घर बाईचं की बाप्याचं, हे बघत नाही. हिला सांभाळायची चौकट तेवढीच, मग पैसे चौथाई कसे?"

"बाबा, हातचं जाईल!" चिमणी कुजबुजली. तिचे डोळे भरून आले होते.

"पण मामा, आत्ताच तुम्ही फार होतात म्हणालात!" साहेब म्हणाले.

"म्हणालो. त्याचेही फारच होतात. त्याचे कमी करा, नाहीतर हिचे वाढवा. माझी दोन्हीला तयारी आहे."

साहेब पोट धरून हसले. मग तासभर फोनाफोनी झाली. चौपट काही झाले नाहीत, पण दुप्पट झाले, आणि पुढच्या वर्षी बरोबरी करायची असं करारात लिहून मिळालं. मामांनी झोकात सही केली.

निघताना चिमणी म्हणाली, "बाबा, एकदा मारून तर बघा." तत्त्वापायी मामांनी तिचा एकही सामना पाहिला नव्हता. त्यांनी चप्पल काढली आणि दहा वेळा चेंडू मारला. दहाही वेळा चेंडू तिच्या छातीशी. मामांना धाप लागली, आणि बापाचा ऊर आनंदाने फुटायचा तेवढा बाकी राहिला.

दुसऱ्या दिवशी सलूनवाल्याने गळ्याभोवती कपडा बांधत डिवचलं, "काय मामा, चेंडूला लाथ मारायचे पैसे कसले?"

"आजही तेच म्हणतो," मामा आरशात बघून म्हणाले, "मारणाऱ्यांना फार देतात. अडवणाऱ्यांना मात्र फारच कमी!"