लोखंडी चिमण्यांचा भाता

मी एक जुना भाता आहे. लोहाराच्या भट्टीला वारा घालणारा, चामड्याचा, दोन मुठींचा. एका लोहारआजोबांनी मला हाताने शिवलं. मित्रांनो, माझ्या अंगात एक गंमत होती. माझ्या वाऱ्यावर तापलेल्या लोखंडाला पाखराचा आकार दिला, की ते उडायचं!

आजोबांनी हे कुणाला सांगितलं नाही. ते आयुष्यभर खिळे आणि विळे करत राहिले. ते गेल्यावर त्यांच्या पंधरा वर्षांच्या नातीने भट्टी सांभाळली. तिला सगळे ठिणगी म्हणत. तिला माझं गुपित सापडलं आणि तिने सात चिमण्या घडवल्या. त्या चिमण्यांनी भर सभेत नगराध्यक्षांची टोपी पळवली. मी हसून हसून फुगलो. नगराध्यक्ष मात्र हसले नाहीत.

"आजच्या आज गाव सोड," ते म्हणाले.

ठिणगीने मला पाठीवर बांधलं. पाठीवरचं ओझं पाहून तीन गावांनी आम्हाला वेशीवरूनच परत पाठवलं. चौथं गाव समुद्रकाठचं होतं. तिथल्या खाणावळवाल्या मावशींनी तिला भांडी घासायला ठेवून घेतलं. मला तिने माळ्यावर टाकलं.

"तुझ्यामुळे माझं घर गेलं," ती म्हणाली.

माझं चामडं वाळलं, भेगा पडल्या. पण तिचं बोलणं त्याहून जास्त लागलं.

मग एका सकाळी असं धुकं उतरलं, की समोरचं माणूस दिसेना. मासेमारीला गेलेल्या अकरा होड्या परतल्या नाहीत. एकीत मावशींचे यजमान होते. धक्क्यावर हाका मारून मावशींचा घसा बसला. ते ऐकून ठिणगी ताडकन उठली. तिने मला खाली काढलं, भेगांवर तेल चोळलं आणि चुलीपुढे बसवलं.

"चल रे म्हाताऱ्या! पुन्हा हाकललं, तर दोघं मिळून जाऊ."

माझी शिवण उसवत होती, तरी मी जीव खाऊन वारा घातला. मावशींचे झारे आणि पळ्या लालबुंद तापल्या. ठिणगीने ठोकून ठोकून त्यांच्या चिमण्या केल्या. त्या किलबिलत धुक्यात घुसल्या. त्यांच्या आवाजामागून एकेक होडी किनाऱ्याला आली. अकराच्या अकरा!

ठिणगी मात्र गुपचूप गाठोडं बांधू लागली. मावशी दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"कुठे निघालीस गं?"

"मला हाकलतीलच आता."

"हाकलतील? अगं, माझा एक झारा शिल्लक ठेवला नाहीस! ते कोण करून देणार? बस, आधी जेवून घे."

ठिणगी हसता हसता रडली. होडीतून परतलेल्या मावशींच्या यजमानांनी ओल्या कपड्यांनिशीच जाळ्याची सुई घेतली आणि माझी शिवण पक्की केली. आता खाणावळीच्या मागे आमची स्वतःची भट्टी आहे, आणि मला दम खायला फुरसत नाही.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना अधूनमधून तेलाचं बोट लावत जा. आणि पाठीवर ओझं घेऊन कुणी दारात आलं, तर त्यात काय आहे ते मागाहून विचारा. आधी ते खाली उतरवायला हात द्या.