पाचूबेटावरची रीत

नेरूळच्या घरात यशोधरा चार महिन्यांच्या लेकीला मांडीवर घेऊन स्वतः लिहिलेल्या पाचूबेटाच्या अद्भुत कथांच्या तिसऱ्या भागाची मुद्रितं तपासत होती. समासात संपादकांनी लिहिलं होतं : "वहिनी, घोळ झाला! पहिल्या भागात, गेलेल्या लेकराचं नाव पाठच्या बाळाला द्यायची रीत आहे. मग इथे धाकट्या राजकन्येचं नाव नवं कसं?"

"अगो, हिलाबी सुजाताचंच नाव ठेव," सासूबाई पुन्हा म्हणाल्या. "किती दिस बिननावाची ठेवशील?"

पहिला भाग लिहिला तेव्हा थोरली सुजाता जिवंत होती, पायाशी खेळत असायची.

यशोधराने समासात लिहिलं : "चूक पहिल्या भागात आहे. नाव असं देता येत नाही. ते अजून तिचंच असतं."

मग मांडीवरच्या लेकीला तिने राजकन्येच्या नव्या नावाने पहिल्यांदा हाक मारली.