कोटाचं अस्तर

ही १९८७ सालची गोष्ट. आमच्या ह्यांनी निवृत्त झाल्यावर परदेशातले राजवाडे बघायची टूर ठरवली, तेव्हा ओळखीपाळखीचे सगळे चकित झाले. जन्मभर सर्जन म्हणून लोकांची पोटं उघडली, पण इतिहासाचं पुस्तक कधी उघडलं नव्हतं.

खरं कारण मला ठाऊक होतं. त्यातल्या एका राजवाड्यात आमची लेक कामाला होती. भिंतीवरचे शेकडो वर्षांचे विणलेले पडदे ती दुरुस्त करायची. मेडिकल अर्धवट सोडून ती या कामाकडे वळली, तेव्हा हे म्हणाले होते, "चिंध्याच शिवायच्या तर घरात उशांचे अभ्रे फाटलेत. परदेश कशाला?" ती गेली. मला पत्रं यायची, पण बापलेकीत शब्द नव्हता.

"तिला कळवू नकोस," हे म्हणाले. "नेमकी त्या दिवशी रजा टाकेल."

"टाकेलही. तुमचीच लेक."

निघताना त्यांनी मुद्दाम जुना कोट अंगात घातला. आतलं अस्तर पार उसवलेलं. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत होते. मी विचारलं तर म्हणाले, "तिला म्हणणार आहे, बाई, एवढी चिंधी शिवून मिळेल का?" आणि स्वतःच हसले. माफी मागायची त्यांची रीत तीच.

राजवाड्यातली लाकडी जमीन जपायला बुटांवरून जाड लोकरी सपाता घालाव्या लागत. माझे गुडघे जिना चढू देईनात. "तू बस इथे," हे म्हणाले. "आधी मला बोलू दे, मग तिलाच खाली घेऊन येतो." आणि सपाता घसटत, आवाज न करता वर गेले.

आले ते एकटेच. "चल, बस सुटेल."

"अहो, पण ती?"

बस गावाबाहेर पडल्यावर सांगितलं. बघ्यांना अडवायला बांधलेल्या दोरीपलीकडे ती पडद्यावर वाकून टाके घालत होती. "ऑपरेशन चालू असताना कुणी हाक मारतं का? मी थांबलो. तिनं मान वर केली. माझ्याकडे सरळ बघितलं, अगदी सरळ, आणि परत सुई घेतली." थोड्या वेळानं म्हणाले, "हात मात्र स्थिर आहे हो पोरीचा." पुढे हा विषय काढायचा नाही, असं त्यांनी मला बजावलं.

परतल्यावर काही महिन्यांतच हृदयविकाराने ते गेले. लेक आली. मी कोट तिच्या मांडीवर टाकला आणि विचारलं, "एक शब्द बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?"

तिला काही कळेना. सगळं सांगितल्यावर म्हणाली, "आई, कामाच्या वेळी डोळ्यांवर भिंगं असतात. वीतभरापलीकडचं सगळं धुरकट दिसतं. मान अवघडली की वर करते, एवढंच. आणि त्या सपातांमुळे कुणी आलेलं ऐकूही येत नाही." मग कोट उलटापालटा करत म्हणाली, "बाबा आले होते?"

तेच ती पुन्हापुन्हा विचारत राहिली.

निवृत्त होईपर्यंत ती त्याच राजवाड्यात राहिली. तिच्या हाताखालच्या मुली सांगत, बाई दर थोड्या वेळानं भिंगं काढून दोरीकडे बघतात. मी आता नव्वदीला टेकले, गुडघे कधीच गेले. कोट माझ्या कपाटात आहे. अस्तर तिनं नवं केलं नाही, फाटलं होतं तिथेच बारीक टाके घातले. आणखी फाटू द्यायचं नाही, म्हणाली, एवढंच आमचं काम.