दाढीचा आरसा

"अहो सिस्टर, हा आरसा तेवढा फिरवा. माझं नाक बघून मलाच धडकी भरली." म्हातारेबुवा गालाला फेस फासून पलंगावर बसले होते. "एवढं नाक घेऊन घरी गेलो तर बायको दारातूनच परत पाठवेल."

पुरुषांच्या वॉर्डातला तो दाढीचा गोल आरसा. एका बाजूला सपाट काच, दुसऱ्या बाजूला आत खोल गेलेली. त्या खोल बाजूत गाल जवळ नेला की एकेक खुंट काडीएवढा दिसतो. सिस्टरनी हसत हसत आरसा हातात घेतला, फिरवला आणि तशाच उभ्या राहिल्या.

"काय झालं? इतकंही वाईट नाही हो माझं नाक," म्हातारेबुवा म्हणाले. सिस्टरना ते ऐकूही आलं नाही.

शेजारच्या, भाजलेल्यांच्या वॉर्डात आरसा कुणाच्या हाती लागू देत नसत. तिथे चमचेसुद्धा प्लास्टिकचे. पेशंटनं स्वतःला पहिल्यांदा कधी बघायचं, हे सिस्टर ठरवायच्या; दोन्ही वॉर्ड त्यांच्याकडेच होते. पट्ट्या सुटल्या, घरी जायचा दिवस आला की शेजारी बसायचं, इकडचं तिकडचं बोलायचं आणि मग हळूच कपाटातला आरसा हातात द्यायचा. नव्या नर्सना त्या हे कौतुकानं शिकवायच्या. आणि विज्ञानाच्या बाईंच्या वेळी नेमकी सिस्टरचीच घाई झाली होती.

शाळेच्या प्रयोगशाळेत बर्नर भडकून बाईंचा डावा गाल भाजला होता. त्या घरी निघाल्या त्या दिवशी कपाटाची किल्ली सापडेना. सिस्टरनी हाच दाढीचा आरसा उचलून आणला आणि उभ्या उभ्या बाईंच्या हातात दिला. कुठली बाजू समोर होती, कुणी बघितलं? आता आठवलं. खोलच बाजू होती ती.

बाई नंतर मालिशला आल्या नाहीत, तोंडाच्या व्यायामाला आल्या नाहीत. फोन केला की भाऊ म्हणायचा, "ताई बरी आहे." शाळा सुटली ती सुटलीच. भाजलेली कातडी ताणत राहिलं नाही तर आक्रसते, हे सिस्टरइतकं कुणाला ठाऊक असणार? आरसा फिरवला त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. एका धडधाकट बाईला आपण आपल्या वेंधळेपणानं घरात कोंडलं, हे त्यांच्या डोक्यातून जाईना.

सुट्टीच्या दिवशी त्या बाईंच्या घरी गेल्या. दार भावानं उघडलं. "ती कुणाला भेटत नाही हो," तो कुजबुजला, पण आतून आवाज आला, "येऊ दे त्यांना."

बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. डोक्यावरून घेतलेला स्कार्फ डाव्या गालावर ओढलेला. सिस्टरनी बसायच्या आधीच बोलून टाकलं. "बाई, चूक माझी आहे. मी तुम्हाला भलताच आरसा दिला. दाढीचा होता तो, सगळं मोठं करून दाखवणारा. तुमचा गाल तसा नाही, अजिबात नाही."

बाई चक्क हसल्या, अर्ध्याच तोंडानं.

"अंतर्गोल आरसा, सिस्टर. चेहरा अगदी जवळ धरला तर प्रतिमा सुलटी आणि मोठी. हात लांब करत नेला तर तीच उलटी. वीस वर्षं चमचा हातात धरून शिकवलंय मी पोरांना. तुम्ही दिलात तेव्हाच ओळखला."

"मग?"

"मग काय, फिरवला आणि सपाट बाजूत बघितलं. जेवढा होता तेवढाच दिसला गाल. म्हटलं, चला, जमेल एवढ्यावर." बाईंनी स्कार्फ गालावर आणखी ओढला. "मग वर बघून तुम्हाला विचारलं, कसं दिसतंय? आठवतं?"

सिस्टरना आठवलं.

"छान आहे म्हणालात. खिडकीकडे बघत. मला वाटलं, रोज भाजलेली माणसं बघणाऱ्या बाईला बघवत नाही, तर चाळीस पोरं कशी बघतील?"

सिस्टर तयारी करून आल्या होत्या ती आरशाची माफी मागायची. त्या माफीचा आता काही उपयोग नव्हता. त्या दिवशी ड्यूटी संपत आली होती, पाय दुखत होते, पलीकडे कुणीतरी हाका मारत होतं. सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही बोलण्यासारखं नव्हतं.

"चुकलं माझं," त्या एवढंच म्हणाल्या.

बाईंनी स्कार्फ सोडला. "आता बघा."

सिस्टर पुढे सरकल्या. गाल बरा होता, पण ओठाचा कोपरा कातडीनं खाली ओढून धरला होता. वेळेत आल्या असत्या तर हे झालं नसतं.

"ओठ वाईट आहे, बाई. व्यायामानं थोडा सुटेल. पूर्ण नाही सुटायचा आता."

"हं." बाईंनी मान हलवली. "त्या दिवशी असं बोलला असतात तर आले असते मी."

सिस्टर उठल्या, हात धुऊन आल्या आणि भावाकडून खोबरेल तेल मागून घेतलं. बाईंच्या समोर खुर्ची ओढून त्यांनी दोन बोटं ओठाच्या कोपऱ्याला लावली.

"आ करा. अजून. दुखेल, पण करा."

बाईंनी आ केला. सिस्टरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हात तेलकट होते; ते खांद्याला पुसायचं तर मान वळवावी लागली असती, म्हणून त्यांनी ते तसंच वाहू दिलं.