सुटली

डॉक्टर गुरुराज ‘नका’ म्हणाले, तेव्हा नारायणराव दवाखान्याबाहेर स्कूटरपाशी उभे होते. त्यांना औषधांचा वास सोसत नसे. ते आत असते तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं प्रभाताई आता मनाशी म्हणतात खऱ्या. पण तेही खोटंच. नवरा आत येणार नाही हे ठाऊक होतं, म्हणूनच तर त्या विचारायला गेल्या होत्या.

राई त्यांच्या मांडीवर होती. चिवावा जातीची कुत्री, वजन पावणेदोन किलो, कान मात्र डोक्यापेक्षा मोठे. डॉक्टरांनी तिला दोन बोटांनी चाचपलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, “हिला पिल्लं होऊ देऊ नका, मॅडम. पिल्लांची डोकी मोठी असतात आणि हिची वाट अरुंद आहे. पोट उघडायची वेळ आली तर हिला भूल सोसेल की नाही, मी सांगू शकत नाही. त्यापेक्षा पिशवी काढून टाकू. दहा वर्षं सुखानं जगेल.”

प्रभाताईंनी मान डोलावली, राईला पदराखाली घेतलं आणि त्या बाहेर आल्या.

“काय म्हणाले?” नारायणरावांनी हेल्मेट घालता घालता विचारलं.

“जमेल म्हणाले. खाण्यापिण्याकडे लक्ष द्या म्हणाले.”

जीभ अडखळली नाही याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. सत्तावीस वर्षं शाळेत पोरांच्या थापा पकडल्या होत्या. मारायची कशी हेही त्यातच शिकून झालं होतं म्हणायचं.

राई खरं तर त्यांची नव्हतीच. ती लेकीची, भार्गवीची. भार्गवी आणि जावई ऋतुराज दोन वर्षांसाठी जर्मनीला गेले आणि जाताना ही मूठभर कुत्री सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात राहणाऱ्या आईवडिलांकडे ठेवून गेले. “आई, हिचं ऑपरेशन तेवढं उरकून घे,” असं भार्गवी बजावून गेली होती. त्याच दिवशी, त्याच जेवणाच्या टेबलावर तिनं दुसरंही सांगून टाकलं होतं. “आणि आमचं म्हणशील तर आम्हाला मूल नकोय. दोघांनी मिळून ठरवलंय. दर फोनला विचारत जाऊ नकोस.”

प्रभाताईंनी विचारणं बंद केलं. पण जुन्या सुती साड्या फाडून शिवलेली दुपटी ट्रंकेत पडून होती, आणि ट्रंक उघडली की जीव तुटायचा. लेकीला एक अक्षर बोलायची सोय नव्हती. तिच्या कुत्रीचं मात्र आपल्या हातात होतं. वड्याचं तेल वांग्यावर काढतात, तसंच झालं ते.

उपाय सुचवला शेजारच्या शिवबाईंनी. त्यांचा भाचा श्रीमंत चिंचोळीला एमआयडीसीत कामाला होता, त्याच्याकडे याच जातीचा नर होता.

“लई देखना हाय वैनी. आन् बाईच्या जातीला एकदा तरी पोर पायजेच की. न्हायतर जन्माला येऊन काय केलं तिनं?”

हे वाक्य प्रभाताईंनी लेकीबद्दल कुणाला बोलू दिलं नसतं. कुत्रीबद्दल ऐकून त्यांना बरं वाटलं.

रविवारी श्रीमंत आपल्या सोन्याला घेऊन आला. नारायणराव भलतेच खुशीत होते. “पोहे टाक गं, बघण्याचा कार्यक्रम आहे! मुलगा चिंचोळीचा, स्वभावानं शांत, हुंड्याची अपेक्षा नाही.” पण सोन्याला खाली ठेवल्यावर त्यांचं हसू ओसरलं. तो राईच्या दीडपट होता. “प्रभा, हा थोराड नाही का वाटत? डॉक्टर नक्की हो म्हणाले ना?”

“तुम्ही म्हणजे राईचा पर्वत करता,” त्या म्हणाल्या आणि स्वतःच्याच कोटीवर हसल्या. नारायणरावही हसले. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात तीस वर्षं नोकरी केली, पण डब्यात भाजी कुठली हे त्यांनी उघडेपर्यंत कधी विचारलं नव्हतं. बायकोच्या शब्दावर शंका घ्यायची सवयच नव्हती माणसाला.

पुढचे दोन महिने घरात लेक बाळंतपणाला आल्यासारखे गेले. दुपटी ट्रंकेतून बाहेर निघाली, उन्हात वाळली, वेताच्या टोपलीत अंथरली गेली. प्रभाताई राईला मऊ भात भरवायच्या, पोटावरून हात फिरवायच्या, आत काही हललं की नारायणरावांना हाका मारून बोलवायच्या. खोटं कशाला बोलायचं, इतक्या सुखात त्या कित्येक वर्षांत नव्हत्या. नारायणराव म्हणत, एकदा डॉक्टरांना दाखवून आणू. त्या म्हणत, उगाच सुया टोचतात मेले. भार्गवीला कळलं तेव्हा ती फोनवर ओरडलीच. “डॉक्टरांना विचारलं होतंस का?”

“विचारलं होतं,” प्रभाताई म्हणाल्या. हे खरं होतं. त्यानंतर भार्गवी आईशी धड बोलली नव्हती.

मंगळवारी सकाळी राईला कळा सुरू झाल्या. ती टोपलीतली दुपटी उकरत होती, गोल फिरत होती, परत आडवी होत होती. अकरा वाजले तरी काही येईना. मग ती उकरायचीही थांबली आणि नुसती धापा टाकत प्रभाताईंकडे एकटक बघत राहिली.

“चल, दवाखाना गाठू,” नारायणराव म्हणाले.

“तुम्ही जा. मला रक्त बघवत नाही.”

नणंदांची तीन बाळंतपणं काढलेली बाई हे म्हणाली. नारायणरावांनी तेव्हाही काही विचारलं नाही. टोपली उराशी धरून ते रिक्षात बसले. त्यांना औषधांचा वास आठवलासुद्धा नसेल.

प्रभाताई देवापुढे बसल्या. डॉक्टरांना तोंड कसं दाखवायचं हा एकच विचार डोक्यात होता, आणि त्याची त्यांना लाजही वाटत होती. दीड वाजता फोन वाजला. दवाखान्यातला सोमलिंग होता, अक्कलकोटकडचा, जनावरं धरायला मदतीला असायचा तो.

“मॅडम, सायबांस्नी बोलवंना झालंय, म्हनून मी फोन करालोय. सुटली बघा ती.”

प्रभाताईंचं माहेर बार्शीचं. तिथं बाळंतीण सुखरूप मोकळी झाली की पहिला निरोप हाच यायचा, सुटली. भार्गवी झाली तेव्हा त्यांच्या आईनं हाच शब्द गल्लीभर नेला होता.

“सुटली? अगंबाई! किती झाली रे?”

“दोन हुती.”

“दोन!”

“सायेब निघालेत हितनं. तुमी जरा धीरानं घ्या, मॅडम.”

“घेते रे बाबा. आता कसली घाई!”

नवऱ्याचा गळा आनंदानं दाटला असणार, दुसरं काय! त्यांनी आळीव भिजत घातले, शिवबाईंच्या हातावर साखर ठेवली आणि जर्मनीला फोन लावला. “भार्गवी, सुटली गं सुखरूप! दोन झाली!” ‘सुखरूप’ त्यांनी पदरचं घातलं होतं. पलीकडून कितीतरी दिवसांनी लेकीचा जुना, मऊ आवाज आला. “खरंच, आई? मी उगाच चिडले तुझ्यावर. आल्या आल्या फोटो पाठव.”

रिक्षा थांबली तेव्हा प्रभाताई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात तयार होत्या. बाळंतीण घरात घेताना ओवाळून टाकतात, तसा. नारायणराव पायरीवर उभे राहिले. टोपलीवर दुपटं होतं. त्यांनी तोंड उघडलं, पण प्रभाताईंनी तोवर भाकरतुकडा तीनदा ओवाळून बाहेर टाकलाही होता.

“प्रभा, अगं, काय करतेस हे?” नारायणराव कसंबसं म्हणाले. “गेली ती. पिल्लंही गेली. सोमलिंगनं सांगितलं ना तुला?”

“सुटली म्हणाला तो.”

“हो. सुटलीच.”

प्रभाताईंनी दुपटं बाजूला केलं. दोन्ही पिल्लं राईच्या पोटाशी लावून ठेवली होती, सोमलिंगनंच ठेवली असावीत. एवढा ध्यास घेतला होता त्यांचा, पण हात लावायचा धीर झाला नाही. आपण हिला मारली, हे त्यांना तिथं दारातच, पायात चपला नसताना, लख्ख कळलं.

नारायणराव टोपली घेऊन आत आले, खुर्चीत बसले. “डॉक्टर मला म्हणत होते...” त्यांनी सुरुवात केली आणि ते थांबले. बायकोकडे एकदा बघितलं. त्या नजरेत राग असता तर प्रभाताईंनी सोसला असता. ते बिचारे नुसते ओशाळले होते, जणू थाप त्यांचीच पकडली गेली होती.

तेवढ्यात भार्गवीचा फोन आला. फोटो अजून का पाठवला नाही म्हणून. प्रभाताईंचा हात पुढे होईना. नारायणरावांनी फोन घेतला आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. पलीकडचं रडणं खोलीभर ऐकू येत होतं. ते जरा ओसरल्यावर भार्गवीनं विचारलं, “पण डॉक्टर हो म्हणाले होते ना?”

“नाही गं,” नारायणराव म्हणाले. “नकोच म्हणाले होते. मलाच म्हणाले होते. मी आईला सांगितलंच नाही. मला हौस होती पिल्लांची.”

प्रभाताईंनी मान वर केली. नारायणराव त्यांच्याकडे बघत नव्हते.

“बाबा, तुम्ही?” भार्गवीचा आवाज एकदम कोरडा झाला. “आईनं केलं असतं तर मी समजू शकले असते. तिला काय हवं होतं ते मला माहीत आहे. पण तुम्ही?”

नारायणरावांनी टोपलीवरचं दुपटं सारखं केलं. फोन त्यांच्या हातात होता, मधे जेमतेम हातभर अंतर. एक शब्द पुरला असता. तो प्रभाताईंच्या ओठांवर आलाही होता. पण आताच, तासाभरापूर्वी, तो मऊ आवाज किती दिवसांनी ऐकला होता त्यांनी.

“आईला द्या,” भार्गवी म्हणाली. “मला तुमच्याशी बोलायचं नाही.”

नारायणरावांनी फोन पुढे केला. प्रभाताईंनी तो घेतला, कानाला लावला आणि म्हणाल्या, “रडू नकोस, बाळा. मी आहे ना.”