धाकटीचा माणूस

कॉम्प्युटरच्या धंद्यात प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मुख्य चिप, बनवणाऱ्या कंपन्या दोनच. एकीला सगळे थोरली म्हणत, दुसरीला धाकटी. दहा कॉम्प्युटर विकले गेले तर नवांच्या पोटात थोरलीची चिप असायची आणि दहावा घेणारा घरी जाऊन आपण फसलो तर नाही ना, याची काळजी करत बसायचा. या धाकटीच्या विक्री खात्यात एक उंच, काटकुळा माणूस होता. कानामागे कायम पेन्सिल खोचलेली, म्हणून त्याला पेन्सिलच म्हणत. सख्खी ताईसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारायची.

पेन्सिलने दोन वर्षं एकाच कारखान्याचे उंबरे झिजवले. सुटे भाग जुळवून कॉम्प्युटर विकणारा मध्यम कारखाना, साडेतीनशे माणसं, आणि आजवर एकही मशीन धाकटीच्या चिपवर निघालेलं नाही. तिथल्या टेस्टिंग रूमचे प्रमुख म्हणजे पेन्सिलचे भावोजी, ताईचे यजमान. नात्याचा फायदा घ्यायचा नाही असं दोघांनी ठरवलं होतं आणि घेतलाही नाही. भावोजींनी धाकटीची नवी चिप तीन महिने तापवली, दमवली, अक्षरशः रडवली. मग आकड्यांचे कागद मालकांच्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, "साहेब, ही थोरलीपेक्षा वेगवान आहे. मेहुणा सांगतोय म्हणून नाही, मशीन सांगतंय म्हणून."

मालक राजी झाले. नव्या मॉडेलचा कार्यक्रम ठरला. दीडशे दुकानदार, सात-आठ पत्रकार, स्टेजवर दोन मशीन शेजारी शेजारी, एकात थोरलीची चिप, एकात धाकटीची. दोघांना एकच काम द्यायचं आणि कोण आधी संपवतं ते सगळ्यांदेखत होऊ द्यायचं.

आदल्या दिवशी धाकटीचं मशीन जुळवलं पंखेवालीने. ही बाई अकरा वर्षं लाइनवर पंखे बसवत होती. चिप तापते म्हणून तिच्यावर धातूचा ठोकळा आणि त्यावर पंखा बसवतात. नव्या ठोकळ्याच्या तळाला पारदर्शक फिल्म चिकटवलेली असते. ती आधी सोलून काढायची, नाहीतर आतली उष्णता आतच कोंडते. पंखेवालीने पेन्सिलसमोर फिल्म सोलून डब्यात टाकली, चिपच्या मधोमध उष्णता ठोकळ्याकडे नेणाऱ्या पेस्टचा इवलासा थेंब ठेवला, स्क्रू आवळले.

"घ्या साहेब, सजवली तुमची नवरी," ती म्हणाली. "आता बघत बसू नका, दृष्ट लागेल."

पेन्सिल हसला. दोन वर्षांत त्या कारखान्यात तो पहिल्यांदाच मोकळेपणी हसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला शर्यत सुरू झाली. पहिल्या मिनिटालाच धाकटी पुढे गेली. मागच्या रांगेतले दुकानदार उभे राहून बघू लागले. दुसऱ्या मिनिटाला पंख्याचा आवाज वाढला. तिसऱ्या मिनिटाला पडद्यावरचा आकडा अडखळला, मग गोगलगायीसारखा सरकू लागला, आणि मग पडदा काळा झाला. शेजारी थोरलीचं मशीन निमूटपणे आपलं काम संपवून मोकळं झालं.

"चहाचं आधण ठेवा त्याच्यावर!" कोणीतरी ओरडलं आणि सगळा हॉल खो खो हसला. स्टेजवर पेन्सिल उभा होता. त्याने वाकून बटण दाबलं, पुन्हा दाबलं. प्रत्येक वेळी लोक जास्तच हसले. मालकांनी माइक हातात घेतला. "मंडळी, म्हणूनच आम्ही आजवर पारखूनच माल घेत आलो," ते म्हणाले आणि टाळ्या मिळवून खाली उतरले. पहिल्या रांगेत थोरलीच्या विक्रीप्रमुख मॅडम बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी फक्त घड्याळ बघितलं.

दुसऱ्या दिवशी पेन्सिलने टेस्टिंग रूममध्ये ते मशीन उघडलं. भावोजी शेजारीच उभे होते. ठोकळा उचलला तर तळाला फिल्म. वितळून, सुरकुतून चिकटलेली. आणि पेस्ट थेंबाची नव्हती, चिपभर सपाट लिंपलेली होती. जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने पेस्ट अशी पसरून लावायची सवय अख्ख्या कारखान्यात एकाच माणसाला होती. शर्यतीच्या आदल्या रात्री मशीन याच खोलीत होतं आणि खोलीची किल्लीही त्याच्याचकडे असे.

"हे तुमचं काम आहे," पेन्सिल म्हणाला.

भावोजींनी चष्मा काढून पुसला. नाही म्हटलं नाही.

"परवा संध्याकाळी थोरलीच्या मॅडम येऊन गेल्या. चहा घेतला, मालकांच्या मुलीच्या कॉलेजची चौकशी केली, आणि निघताना म्हणाल्या, उद्या ते मशीन जिंकलं तर पुढच्या महिन्यापासून आमच्या चिपा तुम्हाला वेळेवर मिळतीलच असं नाही. बस, एवढंच. मग मालकांनी मला बोलावलं."

"कार्यक्रम रद्द करायचा होता."

"तेवढ्याने भागत नव्हतं. मॅडमना ते मशीन लोकांसमोर पडायला हवं होतं. एकदा हसं झालं की दुसरा कुठलाच कारखाना धाकटीकडे बघणार नाही."

"माझी नोकरी जाणार हे कळत होतं तुम्हाला?"

"कळत होतं," भावोजी म्हणाले. त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "रात्रभर तेच कळत होतं."

एवढ्यात खाली फाटकाजवळ गलका झाला. पेन्सिल खिडकीशी गेला. फिल्म सोलली नाही असा ठपका ठेवून दोन रखवालदार पंखेवालीला बाहेर काढत होते. तिच्या हातात पिशवी होती आणि ती ओरडत होती, "मी काढली होती हो फिल्म! त्या साहेबांनी बघितलंय! त्यांना विचारा ना कोणीतरी!"

पेन्सिल काचेमागे उभा होता. जिना उतरायला अर्धं मिनिट लागलं असतं. तेवढ्यात फोन वाजला. ताई होती.

"तुला कळलंच असेल," ती म्हणाली. "मी आत्ताच ऐकलं. तू काही बोलू नकोस रे. बोललास तर मालक हात झटकतील आणि हे एकटे अडकतील. आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. मी शाळा सोडली ती कोणासाठी? एवढं एकदा माझ्यासाठी कर."

त्याने केलं. फिल्म चुरगाळून टोपलीत टाकली. खाली फाटक लागलं.

धाकटीच्या साहेबांनी त्याला खुलासा विचारला. "मशीन कसं बंद पडलं?" पेन्सिल म्हणाला, "माहीत नाही." दोन वर्षं ज्याने त्या चिपचे गोडवे गायले त्याला एवढंही माहीत नाही, हे ऐकून साहेबांना त्याला काढून टाकणं फारच सोपं गेलं. बाजारात कोणी दारात उभं करेना. तो मुलाखतीला गेला की समोरचा आधी ओळखायचा, मग ओठ दाबून हसू आवरायचा.

सहा महिन्यांनी थोरलीच्या मॅडमनीच बोलावलं. "काय झालं ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आणि ते माहीत असून तुम्ही तोंड उघडलं नाही, हेही माहीत आहे. अशी माणसं आम्हाला लागतात." पेन्सिलने कागदावर सही केली.

त्याच आठवड्यात बसस्टॉपवर पंखेवाली भेटली. आता ती एका इस्पितळात फरशा पुसत होती. तोंड फिरवेल असं त्याला वाटलं होतं, पण तीच पुढे आली.

"साहेब, तुमचीही नोकरी गेली म्हणे माझ्यापायी," ती म्हणाली. "मी खूप आठवून बघते. आधी वाटायचं, काढली होती फिल्म. आता काहीच नीट आठवत नाही. सगळे म्हणतात तर माझीच चूक असेल. तुम्ही तर तिथेच होतात. मी काढली होती का हो?"

पेन्सिलची बस येत होती.

"लक्षात नाही," तो म्हणाला. "होतं असं कधी कधी कामाच्या गडबडीत."

तिने मान हलवली. "माफ करा हां साहेब," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी चिपांचा तुटवडा पडला. कुठल्या कारखान्याला किती माल द्यायचा, याची यादी पेन्सिलच्या हाती आली. सगळ्यांना थोडी थोडी कात्री लावावी, असा रिवाज होता. पेन्सिलने इतरांना हात लावला नाही. सगळी कपात त्या एका कारखान्याच्या नावावर टाकली.

मॅडमनी यादी वाचली. "तिथे तुमचे भावोजी आहेत ना?"

"आहेत."

मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सही केली.

माल येईना. मालक रोज फोन करायचे. वर्षापूर्वी माइकवर पारखूनच माल घेणारे हे गृहस्थ आता "साहेब, साहेब" करत होते. पेन्सिल त्यांना अगदी गोड आवाजात "बघतो" म्हणायचा. चार महिन्यांत कारखान्याला कुलूप लागलं. त्याला एकाच माणसाच्या पोटावर पाय द्यायचा होता. साडेतीनशे जणांच्या पोटावर पडला. फाटकासमोर बसलेल्या कामगारांचा फोटो पेपरात आला, तेव्हा त्याने त्यात फक्त भावोजींचा चेहरा शोधला.

रविवारी ताई त्याच्या घरी आली. पाणी दिलं ते तिने तसंच ठेवलं.

"तू केलंस ना हे?"

"तूच सांगितलं होतंस ना, बोलू नकोस म्हणून. मी बोललो नाही. आणि तुला तरी नंतरच कळलं होतं, तुझा काय दोष."

ताई खाली बघत म्हणाली, "नंतर नव्हतं कळलं. त्यांनी कार्यक्रमाच्या आदल्या रात्रीच मला विचारलं होतं. मालक असं म्हणतात, काय करू? त्यांच्याने होत नव्हतं रे. जेवले नाहीत, नाही म्हणून सांगतो म्हणाले. मीच म्हटलं, करा. पेन्सिल एकटा आहे, मागे-पुढे कोणी नाही, त्याला दुसरी नोकरी मिळेल. तुम्हाला पन्नाशीत कोण घेणार?"

वर्षभर पेन्सिलने ज्या माणसाला पाण्यात पाहिलं, तो नाही म्हणायला निघाला होता.

"राग असेल तर माझ्यावर काढ," ताई म्हणाली. "पण त्यांना कुठेतरी चिकटव. दिवसभर भिंतीकडे बघत बसतात."

त्याने चिकटवलं. थोरलीच्या गोदामात, परत आलेल्या जळक्या चिपा मोजायच्या कामाला. रोज अकरा वाजता भावोजी एक कागद घेऊन पेन्सिलच्या केबिनमध्ये येतात. पूर्वी "काय मेहुणेबुवा" म्हणणारे आता "साहेब" म्हणतात. समोर खुर्ची असते. पेन्सिल त्यांना बसा म्हणत नाही. यादी एकाच पानाची असते, तो ती सावकाश वाचतो, शेवटपर्यंत आला की पुन्हा वरून सुरू करतो. भावोजींचा गुडघा दुखतो हे त्याला माहीत आहे. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकतात.

ताई महिन्यातून एकदा फोन करते. "सांभाळून घेतोस ना रे त्यांना?" असं विचारते.

"घेतो ना," पेन्सिल म्हणतो.