सतरा नंबरचा उंदीर

"सर, हा सतरा नंबर नाही."

पंचफुलाबाईंनी पांढरा उंदीर पिंजऱ्यात सोडला आणि रक्ताळलेलं बोट नळाखाली धरलं.

"काहून नाही? शेपटीवर खूण आहे ना?" राजदीप सर मोबाईलमध्येच पाहत होते.

"चावला मले. सतरा कायले चावन? तीन महिन्यांपासून रोज सकाळी माह्या हातावर येऊन बसते तो."

यवतमाळच्या त्या प्रयोगशाळेत उंदरांना खाऊ घालणं, रोज त्यांचं वजन करून नोंदणं, हे काम त्या एकोणीस वर्षं करत होत्या. यंदा निम्म्या उंदरांना सोयाबीनचं साधं प्रथिन होतं, निम्म्यांना रसायनाची प्रक्रिया केलेलं. त्याची पावडर दुधात चटकन विरघळते म्हणे. पण ते खाणाऱ्यांची लव राठ झाली, वजनं वाढेनात. सतरानं तर शनिवारी तोंडच लावलं नाही. रविवारची सुटी झाली, आणि आज त्याच पिंजऱ्यात हा गलेलठ्ठ, दोनशे ऐंशी ग्रॅमचा!

"उंदरांशी सोयरीक जुळली वाटते मावशी!" सर हसले. "सही करा. पावडर जूनपासून अंगणवाडीत जाणार आहे, रिपोर्ट अडला तुमच्यापायी."

पंचफुलाबाईंची लेक ममता मारेगावला अंगणवाडीसेविका होती. हीच पावडर ती स्वतःच्या हातानं कालवून लेकरांना पाजणार होती. त्यांनी नळ बंद केला.

"मेला ना सतरा?"

"एका उंदरानं काय होते, मावशी?"

"काहीच होत नाही, तं मंग बदलला कायले?"

सरांनी रजिस्टर आदळलं. "सही नसन करायची तर उद्यापासून येऊ नका."

पंचफुलाबाई कोपऱ्यात गेल्या. कचऱ्याची गाडी मंगळवारी येई. मेलेले उंदीर टाकायची पिवळी पिशवी अजून तिथंच होती. गाठ सोडून त्यांनी हात घातला.

"ओ मावशी! काय करून राह्यल्या?"

"वजन. मेलेल्याचंबी करा लागते. तुमीच शिकवलं."

वर्तमानपत्रात गुंडाळलेला सतरा त्यांनी सोडवला. पोट फुगलेलं, पाठीचे मणके वर आलेले. त्याला काट्यावर अलगद ठेवून आकडे थांबेपर्यंत त्या उभ्या राहिल्या.

"पान फाडीन मी!"

"फाडा. पानावर नंबर छापेल हायेत."

त्यांनी रकान्यात लिहिलं, 'एकशे अठ्ठ्याऐंशी. मृत.' एरवी त्या नुसतं 'पं.' लिहीत. आज सावकाश, एकेक अक्षर दाबून, त्यांनी आडनावासकट पूर्ण सही केली.